संगणकाची नोंदवही

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीनंतरची गोष्ट. दीड महिना संगणक-कक्षाचा मेन स्विच बंद होता. जूनमध्ये कक्ष उघडला, तर बारापैकी पाच संगणकांवर तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची. आणि त्यातले तीन निळा पडदा दाखवून अडून बसले. आम्ही घाबरलो. निकालपत्रकांचे काम त्याच संगणकांवर व्हायचे होते.

कारण अगदी क्षुल्लक निघाले. संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. जुन्या संगणकांत ती संपली, की बायोसमधल्या आपण केलेल्या जुळण्याही पुसल्या जातात. हार्ड डिस्कची पद्धत बदलली, म्हणून विंडोज सुरू होईना. बॅटऱ्या बदलल्या, पण जुळणी आधी काय होती, हे सांगणार कोण?

ते ठाऊक होते आमच्या संगणकाच्या सरांना, आणि सर एप्रिलमध्येच निवृत्त झाले होते. फोनवर सरांनी आठवून आठवून सांगितले आणि दोन दिवसांत तिन्ही यंत्रे सुरू झाली. फोन ठेवताना सर एवढेच म्हणाले, "मॅडम, मी रजिस्टर मागितलं होतं." खरेच मागितले होते, २०१९ मध्ये. "पुढच्या सत्रात पाहू" असे म्हणून तो कागद आम्हीच फाइलमध्ये लावला होता. चूक सरांची नव्हती, आमची होती.

मग नववीच्या मुलांना घेऊन नोंदवही करायला बसलो. प्रत्येक संगणकाच्या बायोसमधल्या प्रत्येक पानाचे चित्र हवे होते. मुलांनी सवयीप्रमाणे प्रिंट स्क्रीनची कळ दाबली. काहीच झाले नाही. होणार कसे? ती कळ ऐकणारे विंडोज तेव्हा जागेच झालेले नसते! मोबाइलने फोटो काढले, तर पडद्यावर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि अक्षरे तिरकी.

नव्या चार संगणकांचा उपाय एका मुलीने मदरबोर्डच्या पुस्तिकेत शोधला: पेनड्राइव्ह लावून एफ १२ दाबले, की चित्र त्यात जमा होते. पहिल्यांदा तेही जमले नाही, कारण पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा होता. फॅट ३२ करून लावला आणि काम झाले. जुन्या आठांसाठी मोबाइलच. फ्लॅश बंद, खोलीतले दिवे बंद, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेला, आणि चौकटीत यंत्राच्या क्रमांकाची चिठ्ठी. बाहेर पडताना बदल जतन न करताच निघायचे, हा नियम मुलांनी फळ्यावरच लिहून ठेवला.

चित्रांखाली मराठीत माहिती लिहायची ठरली. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी घरातली. मुखपृष्ठावर आम्ही मोठ्या अक्षरांत 'दस्तावेज' लिहिले. एक मुलगी दबकत म्हणाली, "मॅडम, मराठीत दस्तऐवज." आम्ही खोडून नीट लिहिले. ते खोडलेले अक्षर अजून तसेच आहे, आणि ते तसेच राहू द्यावे असे आम्हाला वाटते.

वहीची एक प्रत कार्यालयात आहे, एक कक्षात. छापील प्रतीच ठेवल्या आहेत, कारण संगणक बंद पडल्यावर त्यातलीच नोंद कशी वाचणार? वहीचे पहिले पान भरायला सरांना बोलावले होते. त्यांनी आठही जुन्या यंत्रांची चित्रे तपासली, दोन चुका काढल्या आणि खाली सही केली.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना विनंती एवढीच: शाळेत असे पुष्कळ काही एकेका माणसाच्या डोक्यात आहे. पाण्याच्या टाकीचा कोणता व्हॉल्व्ह कुठला, हे शिपाईकाकांनाच ठाऊक. ते निवृत्त होण्याआधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसायचे आहे. या वेळी पुढच्या सत्राची वाट आम्ही पाहणार नाही.