गुलाबी मिठाच्या निमित्ताने

चि. सौ. मुक्तास,


"मावशी, पांढरं मीठ मी घरातून हद्दपारच केलंय," असं तू काल फोनवर म्हणालीस. समोर पाहुणे होते म्हणून गप्प बसले, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चौथा महिना लागलाय तुला! हेच दिवस सापडले? ताई असती तर कान धरला असता तुझा.

अगं, ते गुलाबी मीठ म्हणजे आपलं उपासाचं सैंधवच. हिमालयाच्या नावाने खपतं, पण येतं मुख्यतः पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून. गुलाबी रंग लोहाचा खरा, पण ते अंगी लागायला वाट्यांनी मीठ खावं लागेल. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग तेच सोडियम क्लोराइड. 'कमी खारट' म्हणतेस? जाडसर दाण्यांमध्ये पोकळी राहते, चमच्यात वजनाने कमी मावतं, एवढंच.

जाड्या मिठाशी माझं वैर नाही. लिंबाच्या लोणच्याला मला तेच लागतं, आणि शिरोड्याच्या १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकतच आपल्या घरातली पोरं वाढली. पण त्यात काय, तुझ्या गुलाबी मिठात काय, पांढऱ्या मिठासारखं आयोडीन सहसा घातलेलं नसतं. आणि आयोडीन कमी पडलं तर नुसता गळा सुजत नाही, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून तर सरकार १९६२ पासून मिठात आयोडीन घालण्यामागे लागलंय. आणि तू म्हणतेस 'केमिकल'! किलोमागे काही मिलिग्रॅम असतं ते, आणि दमट हवेत उडूनही जातं. तेव्हा डबा शेगडीपासून लांब ठेव, झाकण घट्ट लाव, आमटीत मीठ शेवटी घाल.

माझं म्हणणं तुला पाठच आहे: मीठ रंगाने नाही, वजनाने बघावं. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम लहान चमचाभर. त्यातच पापड, फरसाण, तुझा तो लाडका सॉससुद्धा आला. त्याचा हिशेब कोण ठेवतं? महागाचं पाकीट आणलं की जबाबदारी संपली!

आणि तुझ्या सासऱ्यांना ते 'लो सोडियम' मीठ कुणी दिलं? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात. मूत्रपिंड अधू असेल, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात साठतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही देऊ नकोस.

तुझी थायरॉइडची तपासणी झाली का? रिपोर्ट कळव. आयोडीनच्या मिठाची पिशवी आजच आण. गुलाबी मीठ उपासाला ठेव. आणि तूर्त उपास करायचे नाहीत, हेही आत्ताच बजावते.

तुझी,
मावशी