यार्देनेचे पात्र

यार्देन नदी आम्ही प्रथम पाहिली ती नेवासे तालुक्यात. गावातल्या लहानशा उपासना मंदिरात आमच्या आई दर रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेत. यहोशवाने इस्राएल लोकांना यार्देनेच्या कोरड्या पात्रातून पलीकडे नेल्याची गोष्ट आली, की त्या मुलांना उठवून बाहेर ओट्यावर आणीत आणि प्रवरेकडे बोट दाखवीत. श्रावणातली प्रवरा दोन्ही थड्या भरून वाहत असे. “एवढं पाणी थांबलं म्हणजे बघा!” आई म्हणत. आमच्यापैकी एक जण त्या मुलांत बसलेला असे. दुसरीने ही गोष्ट लग्नानंतर, सून म्हणून, त्याच ओट्यावर ऐकली. यार्देन म्हणजे प्रवरा, हे समीकरण दोघांच्याही मनात इतके पक्के झाले, की नकाशावरची निळी रेघ आम्हाला नेहमी खोटी वाटत आली.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवितो. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका यात्रेकरू गटाबरोबर पवित्र भूमीला जायचे ठरले, तेव्हा प्राध्यापक कक्षात एक ज्येष्ठ सहकारी हसत हसत म्हणाले, “म्हणजे अखेर तुमची काशी परदेशातच!” बोलण्यात विष नव्हते. तरीही ते वाक्य आमच्या सामानात बसून आमच्याबरोबर विमानात चढले. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. आमच्या घराण्याचा ख्रिस्ती धर्म पाच पिढ्यांचा. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथलीच माती आमच्या पायांना लागलेली. मग तिकडे पोचल्यावर ‘आपण घरी आलो’ असे वाटले, तर सहकाऱ्याचे म्हणणे खरे ठरणार होते. आणि तसे नाही वाटले, तर इतकी वर्षे हात जोडून उच्चारलेल्या त्या गावांच्या नावांचे काय करायचे? हा प्रश्न आम्ही एकमेकांनाही बोलून दाखविला नव्हता.

आईंना यायचे होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी नकार दिला. खोकल्याच्या औषधाची एक बाटली त्यांनी उकळत्या पाण्याने स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून आमच्या हाती दिली. “यार्देनेचं पाणी आणा. आणि पात्र केवढं आहे, ते नीट बघून या.”

आमचा गट अडतीस जणांचा होता. निवृत्त शिक्षक, परिचारिका, एक एसटीचे वाहक, दोन विधवा बहिणी आणि सर्वांना सांभाळणारे एक पाळक. अम्मानला उतरून आम्ही प्रथम मादबा गाठले. तेथील सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला, रंगीत दगडी तुकड्यांचा पवित्र भूमीचा नकाशा आहे. त्यात यार्देन चांगली रुंद दाखविली आहे, तिच्यात मासे आहेत, आणि एक मासा मृत समुद्राच्या तोंडाशी येऊन, खारट पाण्याला भिऊन, उलटा फिरला आहे. आम्हाला तो नकाशा आपल्याच ओट्यावरून काढल्यासारखा वाटला. तेथून नबो डोंगरावर गेलो. मोशेला वचनदत्त देश येथून नुसता दिसला, पाऊल टाकायला मिळाले नाही. पश्चिमेला धुरकट दरी होती. वाहक काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “चाळीस वर्षं गाडी चालवायची आणि स्टँडवर आत घेऊ द्यायची नाही.” सर्व हसले, पाळकही.

सीमा ओलांडून गालीलला आलो, तेव्हा एक निराळीच अडचण जाणवू लागली. वाटाड्या इंग्रजीत बोले. त्याच्या तोंडून ‘कपरनेअम’, ‘जेरिको’ अशी नावे येत आणि आमच्या कानांवरून निघून जात. मग मागच्या आसनांवरून कुणीतरी “कफर्णहूम!” “यरीहो!” असे हळूच पुटपुटे, आणि बसभर एक उसासा पसरे. गालीलचा समुद्र हे वस्तुतः गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे २१ किलोमीटर, समुद्रसपाटीहून दोनशे मीटरांहूनही खाली. १९८६ मध्ये दुष्काळाने पाणी मागे हटले असताना दोघा कोळी भावांना चिखलात एक नाव सापडली. ती पहिल्या शतकाच्या सुमारास वापरात असलेली. गिनोसारच्या संग्रहालयात आठ मीटरांचा तो काळवंडलेला सांगाडा पाहताना आम्ही दोघेही गप्प होतो. ती येशूच्या शिष्यांची नाव होती, असे कोणीच म्हणत नाही. पण तिला वेगवेगळ्या झाडांच्या लाकडांची इतकी ठिगळे लावलेली आहेत, की तिचा धनी गरीब होता, हे सांगायला शिलालेख लागत नाही.

हैफा शहरात, कर्मेल डोंगराच्या उतारावर एलीया संदेष्ट्याची गुहा आहे. तेथे यहूदी येतात, ख्रिस्ती येतात, मुसलमानही येतात. बाहेर आमची मंडळी मराठीत पाण्याच्या बाटल्यांवरून वाद घालीत होती. तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही कुठले गं?” त्या बेने इस्राएल होत्या. अलिबागेकडून १९६० च्या दशकात, लग्न होऊन, इकडे आलेल्या. नवस फेडायला नातवंडांसह आल्या होत्या. डब्यात मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे. बेने इस्राएलांच्या घरी एलीयाहू हनबीच्या नावाने मलिदा होतो, हे आम्ही वाचले होते. तो हातावर घेण्याचा योग कर्मेलवर येईल, असे वाटले नव्हते. नातवंडे हिब्रूत बोलत होती. बाईंनी विचारले, “पाऊस झाला का यंदा कोकणात?” त्या वर्षी कोकणात उदंड पाऊस झाला होता. तसे सांगितल्यावर त्यांचे डोळे भरून आले. “तुम्ही इथं देवाची जागा बघायला आलात. मी इथं साठ वर्षांच्या जवळ राहिले, आणि डोळे मिटले की मला नवगावचा समुद्र दिसतो.”

त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, अशी त्यांच्या समाजाची परंपरागत कथा आहे. शतकानुशतके ज्या देशाकडे तोंड करून त्यांनी प्रार्थना केली, तेथे त्या परतल्या होत्या. आणि आता दुसऱ्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. आम्ही त्यांना नमस्कार केला. आमचे वाक्य सामानात जरा हलके झाले, असे त्या दिवशी वाटले.

पाचव्या दिवशी यरीहोजवळच्या कस्र-अल-यहूद या घाटावर उतरलो. येशूचा बाप्तिस्मा झाला ते हे ठिकाण, अशी श्रद्धा आहे. पलीकडच्या काठावरील अल-मघतस या स्थळाला युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी तारा, सुरुंगांचे इशारे देणाऱ्या पाट्या. मग लाकडी पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या खाली यार्देन.

आम्ही पाहिले, आणि मागे वळून पुन्हा पाहिले. मातकट, हिरवट, जेमतेम काही पावलांचा प्रवाह. पलीकडे जॉर्डनच्या बाजूला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या चेहऱ्यावरचा घामही दिसत होता. मधोमध दोन राष्ट्रांची सीमा, आणि दोन्ही काठांवर बंदुका घेतलेले कोवळे सैनिक. कारणे पुस्तकात वाचलेली होती. गालील सरोवराचे पाणी दक्षिणेकडे नेणारी इस्राएलची राष्ट्रीय जलवाहिनी १९६४ मध्ये सुरू झाली. यार्मूक या उपनदीचे पाणी सीरिया आणि जॉर्डन वळवितात. म्हणून मृत समुद्रही दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जातो. पण वाचलेले कारण आणि पायाशी असलेला ओहळ यांची भेट झाली नाही. आमच्यातल्या त्या दोघी बहिणी पांढरे झगे घालून पाण्यात उतरल्या, वर आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आम्ही काठावर राहिलो. बाटली भरली. तळाशी गाळ बसला. मनात एकच विचार होता, की आईंना काय सांगायचे?

पुढचे दिवस आम्ही थोडे कोरडेपणानेच काढले. बेथलेहेमला जाताना काँक्रीटची उंच भिंत लागली. जन्ममंदिराच्या बुटक्या दारातून वाकून आत गेलो. जैतुनाच्या लाकडाची शिल्पे विकणाऱ्या एका अरब ख्रिस्ती दुकानदाराला, आम्हाला नेहमी विचारला जाणारा प्रश्न आम्हीच विचारून बसलो: तुमचे घराणे ख्रिस्ती कधी झाले? तो हसला. “झाले नाही. आम्ही इथेच होतो.” २०२३ च्या नाताळात, गाझातील युद्धामुळे, बेथलेहेममध्ये रोषणाई झाली नाही, हे वाचले तेव्हा त्याचे बंद दुकान डोळ्यांपुढे आले.

यरुशलेमात बेथेस्दा तळ्याशेजारी सेंट ॲनचे चर्च आहे. बाराव्या शतकातले, क्रूसेडरांनी बांधलेले. त्याच्या दगडी कमानींत आवाज असा घुमतो, की जगभरचे यात्रेकरू तेथे एखादे गीत गाऊनच बाहेर पडतात. आमच्या आधी कोरियन गट गाऊन गेला. मग आमची मंडळी उभी राहिली, आणि कोणी न सांगता रेव्हरंड टिळकांचे भजन सुरू झाले. नारायण वामन टिळकांच्या मृत्यूला त्याच वर्षी मे महिन्यात शंभर वर्षे झाली होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानणारा हा कवी. त्याने ही भूमी पाहिलेली नव्हती. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये लिस्बनहून समुद्रमार्गे गोव्याला आले आणि १६१६ मध्ये त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. मराठी ओवीतला बेथलेहेम त्यांनी साष्टीच्या माडांत बसूनच रचला. आमची पवित्र भूमी अशा माणसांनी बांधलेली आहे. वाहक काकांचा सूर चढा लागला होता, पण कमानींनी तोही सांभाळून घेतला. त्या दहा दिवसांत ‘घरी आलो’ असे वाटले ते त्या पाच मिनिटांत. ते घर दगडांचे होते की भजनाचे, हे आम्हाला कळत होते.

घरी पोचल्यावर आईंनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. मग विचारले, “पात्र केवढं आहे?”

वाटेत आम्ही ठरविले होते, की ‘मोठं आहे’ एवढेच म्हणायचे. दोघांनाही ते जमले नाही. आमच्यापैकी एकाने अंगणाकडे हात करून सांगितले, “आई, तुळशीपासून फाटकापर्यंत. पाणीही गढूळ.” शेजाऱ्यांच्या तुळशीपासून आमच्या फाटकापर्यंत फार तर दहा पावले.

आई क्षणभर थांबल्या. “वर धरण असेल,” त्या म्हणाल्या. भंडारदऱ्याच्या धरणाखाली आयुष्य गेलेल्या बाईला जलवाहिनीचा इतिहास सांगावा लागला नाही. आवर्तन सुटले नाही की प्रवरेचे काय होते, हे त्यांनी दर उन्हाळ्यात पाहिले होते. मग म्हणाल्या, “नामानालाही असंच वाटलं होतं की रे.”

अरामाचा तो सेनापती, अंगावर कोड असलेला. यार्देनेत सात वेळा बुडी मार, असा अलीशाचा निरोप आला तेव्हा तो संतापला होता. आपल्या दिमिष्कातल्या नद्या यापेक्षा कितीतरी चांगल्या, असे त्याला वाटले होते. ही गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. दोघांनाही काठावर ती आठवली नाही.

सहकाऱ्यांनी सुट्टीनंतर विचारले, “काय, काशी झाली का?” आम्ही त्यांना अलिबागच्या बाईंविषयी सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. “आणि तुम्हाला काय वाटलं?” या त्यांच्या प्रश्नाला तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही. ते आता निवृत्त झाले आहेत. हा लेख त्यांना वाचायला देणार आहोत.

आई २०२२ च्या उन्हाळ्यात गेल्या. बाटली त्यांच्या पवित्र शास्त्राशेजारी तशीच आहे. गाळ खाली बसून पाणी आता स्वच्छ दिसते. मात्र हलविले की पुन्हा गढूळ होते. आम्ही ती फारशी हलवीत नाही.