ब्राह्मण पाहायला गेलो

"बाबा, उद्या आपल्याला ब्राह्मण पाहायला जायचंय," असे मुलीने सांगितले, तेव्हा मी समजलो, की लक्ष्मीपूजनासाठी तिने एखादा भटजी हेरून ठेवला असावा. २०१९ सालची दिवाळी तोंडावर आली होती, आणि मी नुकताच ह्यूस्टनला तिच्या घरी पोहोचलो होतो. दक्षिणा डॉलरमध्ये किती द्यावी, हेही मी मनाशी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी दोन तास मोटार हाकून तिने मला एका कुरणापाशी आणले, आणि तारेच्या कुंपणापलीकडे उभे असलेले ब्राह्मण मी पाहिले. वशिंड, लोंबते कान, गळ्याखाली पोळी, राखी रंग. कृष्णाकाठचे माझे गाव डोळ्यांपुढे उभे राहिले!

ही जनावरे मुळात आपल्याकडचीच. ओंगोल, गीर, कांकरेज आणि थोडीफार आमची कृष्णाखोऱ्यातली, अशी गुरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून थोडी थोडी करून अमेरिकेत गेली. काही थेट, तर काही ब्राझीलवरून. १९०६ साली टेक्सासमधल्या एका मोठ्या इस्टेटीने हिंदुस्थानातून गुरे मागवली, तेव्हा खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मदत केली होती. पुढे १९२४ साली पैदास करणाऱ्यांची संघटना निघाली, आणि या मिश्र कुळाचे नाव 'ब्राह्मण' असे पक्के झाले. आमच्या आळीत ही गोष्ट त्या वेळी कळती, तर निषेधाची सभा भरली असती.

तिकडे ही गुरे नांगरासाठी नव्हे, मांसासाठी पाळतात. हे लिहिताना माझी लेखणी अडखळते, तशी काही वाचकांची नजरही अडखळेल. पण त्याला वळसा घालून पुढची हकीकत सांगता यायची नाही.

कुरणाचा मालक माझ्याच वयाचा, सत्तरीकडे झुकलेला, जावयाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा बाप. "जात कशी आहे?" असे मी विचारले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "कोणाला विचारता त्यावर आहे." या जनावरांना ऊन बाधत नाही, गोचिडी फारशी जुमानत नाहीत, सैल कातडीतून घाम निथळतो. पण भित्री, बिथरणारी, मांस चिवट, कालवडी उशिरा वयात येणाऱ्या, अशी त्यांची अपकीर्तीही आहे. लिलावात लांब कान दिसले, की गिऱ्हाईक भाव पाडतो. तोच गिऱ्हाईक हेरफर्ड जातीशी संकर झालेल्या पट्टेदार गाईसाठी मात्र चढा भाव मोजतो. रक्त निम्मे केले की निंदाही ओसरते, हे मला काही नवे नव्हते.

"आणि आयुष्य?" मी विचारले.

यावर मात्र तो बराच वेळ बोलला. कालवड तीन वर्षे नुसती खाते. पुढची कित्येक वासरे तो खर्च फेडण्यात जातात. फायदा होतो तो गाईच्या उतारवयात. म्हणून दीर्घायुषी गाय हीच खरी मिळकत. पण आयुष्य मोजायचे कसे? तिथे गाय म्हातारी होऊन मरत नाही. ज्या वर्षी ती गाभण राहत नाही, त्या वर्षी ती लिलावाला जाते. 'आमची जात दीर्घायुषी' असे प्रत्येक जातीचे लोक जाहिरातीत म्हणतात. कळपात पंधरा वर्षांची गाय दिसली, की पाहुणे माना डोलावतात. तिच्या बरोबरीच्या किती आधीच गेल्या, हे कोणी विचारीत नाही. "जाहिरात वाचू नका," तो म्हणाला, "शेजाऱ्याची वही मागा."

दात पाहायला मला वडिलांनी शिकवले होते. अदत, दोनदाती, चारदाती, सहादाती. पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही दात आले, की जनावर जुळले. त्यापुढचे वय झिजेवरून ओळखायचे. १९६५ साली त्यांनी आमचा म्हातारा बैल बाजारात नेला. रुमालाखाली बोटे धरून सौदा जुळत आला होता. गिऱ्हाइकाने जबडा उघडून पाहिला, पण त्याला काही उमगले नाही. तेव्हा वडील आपण होऊन म्हणाले, "जुळून आठ वर्षं झाली, पाव्हणं." चाळीस रुपये कमी झाले. त्या चाळीस रुपयांत माझी शाळेची फी आणि पुस्तके होती. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललो नाही.

ही गोष्ट, अर्थात चाळीस रुपये वगळून, मी त्या मालकाला फुशारकीने सांगितली. तिथेच माझे चुकले.

दोन दिवसांनी त्याने आम्हांला पुन्हा बोलावले. गाई तपासायच्या होत्या. सकाळीच पुण्याहून बहिणीचा फोन आला होता, "दादा, आज वसुबारस." खोड्यात एक राखी गाय उभी होती. सोळा वर्षांची, वहीत तेरा वासरांची नोंद, एकही वर्ष चुकलेले नाही. पशुवैद्याने हात बाहेर काढून मान हलवली. रिकामी. मालकाची बायको कुंपणाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "हिला राहू दे ना." मालक माझ्याकडे वळला. "दात धड असले, तर हिला आणखी एक वर्ष देतो. पाहा तुम्ही."

मी ओठ वर करून अंगठा फिरवला. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. सारी मदार खालच्या आठांवर. गवत त्यांनीच तोडायचे. मुलगी मराठीत पुटपुटली, "बाबा, चांगले आहेत म्हणा." तिथे मराठी आम्हां दोघांनाच कळत होते.

"मधले चार झिजलेत, पण भक्कम आहेत," मी म्हणालो. "कडेचा एक पडलाय. दुसरा हलतोय."

मालकाने वहीत काहीतरी लिहिले. खोड्याचे दार उघडले, ते कुरणाच्या बाजूचे नव्हे. त्याची बायको घरात निघून गेली.

मोटारीत मुलगी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने गायवासराची छोटी तसबीर पाटावर मांडली, हळदकुंकवाची कुयरी माझ्यापुढे सरकवली, आणि "तुम्हीच करा," म्हणाली. हाताला त्या तोंडाचा वास अजून येत होता. मी पुन्हा साबण लावून आलो, तोवर तिने निरांजन लावले होते.