पाच, सात की एकवीस?

मंडळी, आज एक सोपे गणित. 'अमरावती' या शब्दात अक्षरे किती? तिसरीतले पोरही बोटे मोडून सांगेल, अ-म-रा-व-ती, पाच. युनिकोडच्या हिशेबाने विचाराल तर सात, कारण काना आणि वेलांटी तिथे वेगळ्या मोजतात. आणि माझ्या नातीच्या प्रोग्रामला विचारले, तर एकवीस! 'अकोला' घ्या : तीन, पाच आणि पंधरा. गंमत अशी की तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मागचे दोन महिने आमच्या घरात या तीन उत्तरांचे भांडण चालले होते. त्याची ही हकिगत.

माझी थोरली बहीण अकोल्याला असते. वय शहाऐंशी. तिच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द मी गेली काही वर्षे एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवतो आहे. गंज, सांडशी, सराटा, कोनटा, पोट्टं, काऊन... हे शब्द आमच्या घरातली पुढची पिढी बोलत नाही. पुण्या-मुंबईकडची नातवंडे तर ऐकून हसतात. आताशा ताईला शब्द आपणहून आठवत नाहीत, पण कुणी उच्चारला की त्याचा अर्थ, सोबत एखादी म्हण, एखादी जुनी जाऊबाई, सगळे भराभर बाहेर येते. म्हणजे वही नीट लावून तिच्यापुढे वाचायला हवी, आणि तीही लवकर. माझी नात इथे अमरावतीलाच इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "आबाजी, मी सूची करून देतो. अकारविल्हे लावू, पुस्तिका छापू."

तिने त्यासाठी 'स्कीम' नावाची भाषा निवडली. मी मराठीचा बी.ए., त्यामुळे भाषा म्हटले की माझे कान टवकारतात. स्कीम ही १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी घडवली. तिची आई लिस्प, १९५८ सालची, जॉन मॅकार्थी यांची. व्याकरण एवढेसे : सगळे कंसात, आणि क्रिया आधी. दोन अधिक तीन म्हणायचे तर 'अधिक दोन तीन'. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येते, इथे पहिल्या पाटावर!

ही भाषा यंत्राला समजेल अशी करून देणारा जो कंपायलर तिने घेतला, त्याचे नाव 'चिकन'. फेलिक्स विंकलमन यांनी तो २००० साली सुरू केला. त्याला जोडायच्या तयार भागांना म्हणतात 'एग', म्हणजे अंडी. आमच्या घरात श्रावण चालू, आणि नात फोनवर मैत्रिणीला सांगते आहे, "चिकन बसलं, आता एक अंडं टाकून पाह्यतो." सौभाग्यवती स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आल्या. असो.

हा कंपायलर स्कीमचे भाषांतर थेट यंत्रभाषेत करत नाही, 'सी' या भाषेत करतो. सी ही डेनिस रिची यांची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. जगातली कितीतरी तयार कामे सीच्या लायब्ऱ्यांमध्ये आहेत : देवनागरी अक्षरे कागदावर नीट मांडणे, शब्द त्या त्या भाषेच्या क्रमाने लावणे. ती पुन्हा करत बसण्यापेक्षा स्कीममधून सीला हाक मारायची. या जोडणीला 'बाइंडिंग' म्हणतात. मी त्याला सोयरीक म्हणतो. दोन घरे, दोन रीती. बोलणी आधी स्पष्ट झाली नाहीत तर भर मांडवात रुसवे.

पहिला रुसवा अक्षरांच्या मोजणीचा. युनिकोड साठवायची जी यूटीएफ-८ पद्धत आहे, ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवता जेवता ताटाखालच्या कागदावर मांडली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सात त्रिक एकवीस! नातीकडच्या कंपायलरमध्ये मुळात शब्दाची लांबी म्हणजे बाइटची संख्या. यूटीएफ-८ चे 'अंडे' जोडले की उत्तर सात येते. आणि आपल्याला हवे ते पाच काढायला आणखी एक लायब्ररी लागते, जिला माहीत असते की 'रा' हे एकच अक्षर आहे. तिचे नाव आयसीयू. हे नाव फोनवर ऐकून ताई घाबरली, "कोन आहे बाप्पा आयसीयूत?"

दुसरा घोळ आपल्या प्रांताच्या नावातच सापडला. सूचीत 'वऱ्हाड' दोनदा आला. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे, पण यंत्राला वेगळे. कारण हा अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, खास 'ऱ' घेऊन त्याला हलंत. दुसरी, साधा 'र', हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या तऱ्हेत सहा चिन्हे, दुसऱ्या तऱ्हेत सात. युनिकोडचे ठरलेले 'सामान्यीकरण' वापरले तरी हे दोन एक होत नाहीत. नातीने त्यासाठी वेगळा नियम लिहिला.

तिसरा प्रश्न 'ळ'चा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. नुसत्या क्रमांकाने लावले तर 'काळ' हा 'काव'च्या आधी जातो. तो क्रम आयसीयूकडून मराठीच्या रीतीने लावून घेतला. त्यात आणखी मौज म्हणजे आमच्या वऱ्हाडीत ळचा बऱ्याचदा य होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. शाळेत असे लिहिले की आमचे गुरुजी लाल शाईने खोडायचे. सूचीत मात्र दोन्ही ठेवले आहेत, एकमेकांकडे बोट दाखवून.

आता खरा चोर. दहा शब्द दिले की पान सुरेख छापले जाई. सगळी वही दिली की तिसऱ्या-चौथ्या पानापासून मथळे बिघडत. 'गंज'च्या जागी 'सराटा'चा तुकडा, कुठे नुसत्या चौकटी, आणि कधी प्रोग्रामच कोसळे. चूक कधी इथे, कधी तिथे. नात दोन रात्री झोपली नाही. मला सी येत नाही, पण उत्तरपत्रिका तपासण्यात जन्म गेला. मी एवढेच विचारले, "बाळा, थोड्या शब्दांना होत नाही आणि जास्त शब्दांना होते, तर मधल्या काळात काय बदलते?"

तिथून धागा लागला. स्कीममध्ये स्मृतीची झाडलोट आपोआप होते. जे लागत नाही ते टाकायचे, जे लागते ते उचलून दुसरीकडे ठेवायचे. या कंपायलरची झाडलोट हेन्री बेकर यांच्या १९९० च्या दशकातल्या कल्पनेवर चालते : नव्या वस्तू अंगणात मांडत जायच्या, अंगण भरले की कामाच्या तेवढ्या घरात न्यायच्या आणि अंगण साफ. सीमध्ये असे कुणी झाडत नाही. ज्याने जागा मागितली त्यानेच ती परत करायची. स्कीम सीला शब्द देते तेव्हा त्या अंगणातलीच एक तात्पुरती प्रत देते, आणि ती त्या हाकेपुरतीच भरवशाची. नातीने घेतलेली मांडणीची लायब्ररी मात्र शब्द उतरवून न घेता फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवत होती, शेवटी छापताना बघू म्हणून. दहा शब्दांत अंगण भरतच नसे. शेकडो झाले की झाडलोट होई आणि त्या पत्त्यावर दुसराच कुणी राहायला आलेला असे.

लायब्ररीच्या माहितीपत्रात हे एका ओळीत लिहिले होते : काम संपेपर्यंत शब्द जिवंत ठेवणे ही देणाऱ्याची जबाबदारी. उपाय छोटा निघाला. प्रत्येक शब्दाची प्रत सीच्या हद्दीत काढायची, पुस्तिका छापून होईपर्यंत ठेवायची, मग आठवणीने मोकळी करायची.

मला रिद्धपूरची आठवण झाली. आपल्या जिल्ह्यातले ते महानुभावांचे गाव. म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकात तिथलेच. २०२४ पासून तिथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शतकानुशतके शाबूत राहिल्या, पण पंथाबाहेरच्यांना त्या बंदच होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला आपले आद्य गद्य वाचायला मिळाले. शब्द जपणे ही एक गोष्ट, आणि तो दुसऱ्याच्या हाती वाचता येईल असा देणे ही दुसरी. नुसता पत्ता देऊन चालत नाही. ताईच्या डोक्यातले शब्दही असेच आहेत. ते 'तिला माहीत आहेत' असे आम्ही सगळे भाऊबंद इतकी वर्षे म्हणत आलो. म्हणजे आम्हीही पत्तेच लिहून ठेवले होते. आणि झाडलोट काही आपल्याला विचारून होत नाही.

सूचीचा पहिला खर्डा आता हातात आहे. त्यात चाळीसेक शब्दांपुढे अर्थाची जागा कोरी आहे. येत्या रविवारी नात आणि मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला जातो आहोत. नात मोठ्याने वाचेल, ताई सांगेल, मी लिहीन. नातेवाईक मंडळींनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचे शब्दही पाठवा. अर्थासकट पाठवा.