वांग्याचा बैल

"आई, ड्रेस नको, साडीच नेस. तिथं लोक युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घालून येतात," लेक म्हणाली. म्हणून सुती इरकल नेसले आणि निघाले. तोक्योतल्या निशी-कासाईहून नाकानोला गाडी बदलली, मुसाशी-कोगानेईला उतरलो आणि पुढं बस. ऑगस्ट महिना. आमच्या गावचा, गोरेगावचा वैशाख कोरडा भाजून काढतो. तोक्योचा उन्हाळा उकडून काढतो. बागेच्या दारापाशी पोचेपर्यंत पदर घामानं ओला झाला होता.

कोगानेई बागेत १९९३ साली जुन्या घरांचं खुलं संग्रहालय उघडलं. पाडायला निघालेलं घर तोडून टाकायचं नाही. खांब, वासे, फळ्या जपून सोडवायच्या आणि इथं आणून पुन्हा उभ्या करायच्या. अशी तीस घरं-दुकानं तिथं आहेत. १९२९ सालचं सार्वजनिक न्हाणीघर आहे, छत्र्यांचं दुकान आहे, शेतकऱ्यांची गवती छपराची घरं आहेत. एरवी हे सगळं दिवस मावळायच्या आत बंद होतं. ऑगस्टमधल्या थोड्या संध्याकाळी मात्र ते रात्रीपर्यंत उघडं ठेवतात, गल्लीत कागदी कंदील लावतात. या सणाचं नाव 'युसुझुमी'. लेकीनं अर्थ सांगितला, संध्याकाळच्या गारव्यासाठी बाहेर बसणं. मी म्हटलं, म्हणजे वाऱ्याला बसणं. आमच्या गल्लीत जेवणं उरकली की बाया ओट्यावर वाऱ्याला बसायच्या. अंगणात आधी पाण्याचा शिडकावा व्हायचा, मातीतून वाफ निघायची, मग बाजा पडायच्या. जपानी लोकही संध्याकाळी दारापुढं असंच पाणी शिंपतात. त्यांनी त्याला वेगळं नाव ठेवलंय, 'उचिमिझू'. आमच्याकडं दारापुढं सिमेंट आलं तसं शिंपणंही सुटलं.

मोकळ्या जागेत लाकडी मचाणावर ढोल होता आणि भोवती फेर. म्हाताऱ्या बाया, कॉलेजातली पोरं, कडेवर लेकरू घेतलेली एक आई. दोन पावलं पुढं, एक मागं, हात वर, टाळी. हा बोन-ओदोरी. ओबोनच्या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी नाचायचं. मला आमच्या पंचमीचा फेर आठवला. तोही याच महिन्यातला, श्रावणातला. गेलेल्यांचं मात्र आम्ही वैशाखात करतो. अक्षय्य तृतीयेला कुंभाराकडून करा-केळी आणायच्या, त्यात पाणी भरायचं, आंब्याचा रस आणि पुरणपोळीचं पान वाढायचं. उन्हातान्हातून आलेल्या पितरांना आधी गार पाणी. त्यात सगळी माया आली, असं मला वाटतं.

एका शेतकरी घरात ओबोनची मांडणी होती. ताटात एक काकडी आणि एक वांगं, दोघांना काड्यांचे चार-चार पाय. काकडी म्हणजे घोडा, पितरांनी त्यावर बसून लवकर घरी यावं. वांगं म्हणजे बैल, त्यांनी जाताना सावकाश जावं. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. जांभळं, तुकतुकीत वांगं, देठाकडची बाजू जरा उचललेली. पोळ्याला आमच्या देव्हाऱ्यापुढं मातीची बैलजोडी असते, तिची मान अशीच. दहा वर्षांमागं माझे मालक गेले. त्यांना न्यायला कुठलं वाहन आलं असेल ते असो, सावकाश नव्हतं.

त्याच घराच्या मध्यभागी चुलीचा खड्डा होता, 'इरोरी', आणि त्यात खरोखरचा विस्तव. उन्हाळ्यात! धूर थेट छपरापर्यंत जात होता. वरचे वासे काळे कुळकुळीत, चमकणारे. चुलीशी बसलेले आजोबा इथले स्वयंसेवक. लेकीनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. घरात कुणी राहत नसलं तरी जाळ करावाच लागतो. धुरानं गवताला कीड लागत नाही, वाशांना बांधलेला दोर कुजत नाही, दमट हवेत लाकूड कोरडं राहतं. चूल विझली की घर संपायला लागतं.

हे ऐकलं आणि मला खाली बसावंच लागलं.

गोरेगावातलं आमचं घर माळवदाचं होतं. सागाचे सर, त्यावर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला आणि वर हातभर माती. पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागायची, तरी श्रावणात गळायचंच. दुधाच्या पातेल्यात माती पडायची. गॅस आला, तशी मी चूल बंद केली. चारच वर्षांत सरांना वाळवी लागली. मग स्लॅबचा हट्टही मीच धरला. सासूबाई नको म्हणत होत्या. त्यांना का ते सांगता आलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. त्या धुरानं माझे डोळे चुरचुरायचे, ते खोटं नव्हतं. पण तोच धूर माझं घर राखत होता, हे मला कळलं ते सातासमुद्रापार, अनोळखी माणसाच्या चुलीशी.

आपल्याकडं कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या संग्रहालयात आम्ही शाळेची सहल नेली होती. तिथं सगळा गावगाडा पुतळ्यांतून उभा केलाय. लेकरं हरखून बघत होती. इथं घरं खरी आणि माणसं पाहुणी. दोन्हींकडं बघताना माझा जीव एकाच जागी अडकतो, जाळ कोण घालणार?

विस्तव मंदावला तशी आजोबांनी बाजूची बांबूची नळी उचलली. फुंकणी! आमची लोखंडी असायची, एवढाच फरक. मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या साडीकडं पाहिलं, हसले आणि नळी दिली. वाकून, राख उडू न देता, बुडाशी हळू फुंकर घातली. निखारा आधी काळा, मग कडेनं लाल, आणि लाकडानं पेट घेतला. लेक बघतच राहिली. तिनं मला चूल पेटवताना कधी पाहिलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत माझ्या पदराला धुराचा वास येत होता. घरी पोचल्यावर, गावाकडं दिराला फोन लावला. स्लॅब घालताना माळवदाचे सगळे सर विकले होते, एकच धड निघालेला गोठ्यावर टाकला होता.

"हाय की वहिनी, काळा हाय तो? हाय तसाच."

"त्याला हात लावू नका," मी म्हटलं. "मी येते."