दोघांसाठी सात दिवस, अंदमानात

रायपूरकरांचा समुद्र म्हणजे पुरी, फार तर विशाखापट्टणम. रात्री गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे. सोबत आत्या, मावशी, दोन भाचे आणि पुऱ्यांचा डबा. बेट म्हणाल तर आम्हाला मदकू द्वीप ठाऊक. बिलासपूरच्या वाटेवर, शिवनाथ नदीच्या दोन धारांच्या मधे असलेला हिरवा तुकडा. तिथे जुनी देवळं आहेत, फेब्रुवारीत ख्रिस्ती बांधवांचा मेळा भरतो, आणि संध्याकाळच्या चहाला आपण परत घरी.

त्यामुळे ‘दोघंच, 7 दिवस, समुद्रातल्या बेटावर’ असं तुम्ही घरात जाहीर केलंत की पहिला प्रश्न येणार, “तिथे सात दिवस करणार काय?” आमच्याकडे तो नणंदेने विचारला. प्रश्न चुकीचा नाही. तीस वर्षांच्या संसारात सात दिवस दोघंच कधी कुठे गेलो होतो, ते आम्हालाही आठवेना.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या ह्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला. तेव्हापासून मी बायको कमी आणि पहारेकरी जास्त झाले होते. मीठ किती, जिने किती, गोळी घेतली का, धाप लागते का. हे गप्प ऐकायचे, आणि तेच जास्त खुपायचं. घरात अशी परिस्थिती असेल तर माझं पहिलं सांगणं हे: तिकीट काढण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, रिपोर्टची प्रत आणि दुप्पट औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. आम्हाला परवानगी मिळाली. फक्त एक अट होती, ती पुढे सांगते.

रायपूरहून कोलकाता किंवा चेन्नई गाठून पुढे पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर 2024 पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. तिकीट काढताना दोन्ही नावं लक्षात ठेवा, नाहीतर ही चार वेगवेगळी ठिकाणं आहेत असं वाटतं. जहाजानेही जाता येतं, कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणमहून, पण त्यात अडीच-तीन दिवस पाण्यावरच जातात. 7 दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही.

पोहोचल्यावर पहिला गोंधळ घड्याळाचा होतो. आपल्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, आणि रायपूर त्या रेषेच्या जेमतेम एक अंश पश्चिमेला. म्हणजे आपल्याकडे सूर्य आणि घड्याळ यांचं बरं जमतं. अंदमान मात्र आपल्यापासून 11 अंश पूर्वेला, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे साधारण पाऊण तासाचा फरक. जानेवारीत संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य समुद्रात जातो आणि सहाला मिट्ट काळोख. सकाळी नऊला उठून निवांत नाश्ता करणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथेच जातो. पहाटे उठा, दुपारी झोपा. आमच्या वयाला हे वेळापत्रक फारच मानवलं.

सेल्युलर जेल सगळेच बघतात. माझं म्हणणं एवढंच की ते पहिल्याच दिवशी बघा, शेवटच्या दिवसाच्या खरेदीत कोंबू नका. 1896 ते 1906 या काळात बांधलेला तो तुरुंग, मधे एक मनोरा आणि त्यापासून निघालेल्या सात पाखा. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. एका पाखेच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या पाखेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. मराठी माणूस तिथे पोहोचला की आवाज आपोआप खाली येतो. थोरले बाबारावही याच तुरुंगात होते.

पण मला तिथे आठवल्या त्या दोघांच्या बायका. 1911 मध्ये सावरकर इथे आले, आणि घरच्यांना भेटीची परवानगी मिळाली ती 1919 मध्ये. धाकटे बंधू नारायणराव यमुनाबाईंना घेऊन आले. बाबारावांच्या पत्नी, येसूवहिनी, त्या भेटीत नव्हत्या. त्या आधीच गेल्या होत्या. आठ वर्षांनंतर नवऱ्याला बघायला समुद्र ओलांडून आलेली बाई या जिन्याच्या आसपास कुठेतरी उभी राहिली असेल, असं मनात आलं आणि मी ह्यांचा हात धरला. हे म्हणाले, “अगं, मला धाप नाही लागली.” आता काय सांगणार!

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोटीने दीड ते अडीच तास लागतात. सरकारी बोट स्वस्त, पण तिची तिकिटं मिळणं नशिबाचा भाग. खासगी बोटींची आधी काढून ठेवता येतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. मी सुपारीएवढा आल्याचा तुकडा तोंडात धरून बसले होते, तोही चालला.

हॅवलॉकवर उतरल्यावर गावांची नावं वाचा: गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, राधानगर. अंदमानात ही वृंदावनी नावं कुठून आली? फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना 1949 पासून अंदमानात जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यांच्या वस्त्या या. कलकत्त्यात तेव्हा बराच विरोध झाला होता. ज्या काळ्या पाण्यावर कैदी पाठवत, तिथे आता आम्हाला पाठवता का, असं लोक म्हणत. तरी माणसं आली, जंगल तोडलं, भात लावला, नारळ लावले.

आता जरा रायपूरच्या विमानतळाकडे वळा. तो ज्या मान्यात आहे, तिथेच 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी होती, माना कॅम्प. तिथून त्यांना दंडकारण्यात पाठवलं, आपल्या कांकेर जिल्ह्यातल्या पखांजूरकडे, ओडिशातल्या मलकानगिरीकडे. म्हणजे एकाच मुलखातून उठलेली माणसं, काहींच्या वाट्याला साल आणि सागवानाचं रान आलं, काहींच्या वाट्याला समुद्र. गोविंदनगरच्या बाजारात माशांचं जेवण देणाऱ्या एका काकूंना मी रायपूरहून आले म्हटलं, तर त्या पातेलं खाली ठेवून बाहेर आल्या. त्यांच्या वडिलांचा चुलतभाऊ माना कॅम्पातून पखांजूरला गेला होता. “तिथे समुद्र आहे का?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि ह्यांच्या ताटात आणखी एक माशाचा तुकडा वाढला. मीठ बरंच होतं. मी काही बोलले नाही, हे तुम्ही लिहून ठेवा.

राधानगरचा किनारा 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. स्पर्धा-बिर्धा जाऊ द्या, पण वाळू पिठासारखी, मागे उंच झाडांचं दाट रान, आणि पाणी आधी पांढरं, मग पोपटी, मग निळं. किनारा पश्चिमेला आहे, म्हणून सूर्यास्त इथे बघा. सूर्योदय पाहायचा तर पूर्वेच्या काळापत्थरला जा. एक इशारा मात्र हसण्यावारी नेऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाटी लावलेली असेल आणि जीवरक्षक नको म्हणत असेल तिथे पाण्यात पाय घालू नका, शेजारचं कुटुंब उतरलं असलं तरी.

आता ती डॉक्टरांची अट. स्कूबा डायव्हिंग बंद. पाण्याखाली जाण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो, त्यात दमा, हृदयविकार, कानाचे आजार सगळं विचारलेलं असतं. पुष्कळ लोक ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. दहा-बारा मीटर खाली तुमच्या शरीराची खरी माहिती फक्त त्या कागदावर असते, आणि ती खोटी असेल तर प्रशिक्षकाच्या हातात काहीच उरत नाही. ह्यांनी ‘हो’ लिहिलं, कागद परत दिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “ही जाईल.”

मला पोहता येत नाही. बूढा तलावाच्या काठावर वाढलेली मुलगी मी, पण पाण्यात उतरलेली नाही. तरी नवशिक्यांसाठीच्या डुबकीला पोहणं यावं लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ मागून धरून असतो. आधी कंबरभर पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात. नाक बंद, तोंडात नळी, आणि डोकं पाण्याखाली. पहिल्या वेळी मी घाबरून उभी राहिले, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी किनाऱ्याकडे पाहिलं. हे वाळूत उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, आणि चेहरा अगदी तसाच, जसा माझा ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर असणार. मी काचेआडून पाहिलं नव्हतं स्वतःला, पण ओळखला.

मग मी खाली गेले. खाली काय दिसलं याचं वर्णन करायला मी कवी नाही. स्वतःच्या श्वासाचा आवाज, बस. पिवळ्या पट्ट्यांचे मासे पदराला झोंबावेत तसे हाताला लागून जात होते. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं, म्हणून त्यावर पाय टेकवू देत नाहीत. वीसेक मिनिटं झाली असतील. वर आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, “धाप लागली का?” आणि दोघंही इतके हसलो की प्रशिक्षक मुलगा बिचारा गोंधळला.

ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. ह्यांनी दुसऱ्या दिवशी तीच घेतली आणि मी पाहिले त्यापेक्षा जास्त मासे मोजून दाखवले.

एका गोष्टीला आम्ही नाही म्हटलं, आणि ते तुमच्याशी बोलायलाच हवं. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांना जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा पोलिसांबरोबर सोडतात, थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला सक्त मनाई आहे. ठीक. पण आमच्या हॉटेलातल्या एका गृहस्थांनी नाश्त्याला सांगितलं, “गुहेत काही विशेष नाही हो, पण वाटेत ते लोक दिसतात.” आपण छत्तीसगडची माणसं. बस्तरच्या बाजारात परगावचे लोक कॅमेरे घेऊन आदिवासी बायकांकडे कसे बघतात, ते आपण पाहिलेलं आहे, आणि आपल्याला कसं वाटतं तेही. गुहा नाही पाहिल्या तर सुट्टी अपुरी राहत नाही. आमचा तो दिवस रॉस बेटावर गेला. तिथे इंग्रजांचे बंगले आणि चर्च वडाच्या मुळांनी अक्षरशः गिळून टाकलेत, आणि हरणं मधून हिंडतात.

शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. आमच्या पुढे एक छोटी मुलगी त्यासाठी रडत होती, वडील मान खाली घालून उभे.

शेवटचे दोन दिवस नीलवर ठेवा. हॅवलॉकहून बोटीने तासाभराची वाट. छोटं बेट, शेतं, केळी, भाजीचे मळे, सायकलीवर सगळं फिरून होतं. इथली गावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. रायपूरजवळच्या चंदखुरीला आपण कौसल्येचं माहेर मानतो, आणि रामाच्या नात्याने छत्तीसगडात भाच्याच्या पाया पडतात. त्या हिशेबाने हे बेट म्हणजे आपल्या भाच्यांचंच घर की! हे मी तिथल्या नारळवाल्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि नारळाचे पूर्ण पैसे घेतले.

लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे भरतीच्या वेळी जाऊ नका, काहीच दिसत नाही. हॉटेलात ओहोटीची वेळ विचारून घ्या. पाणी उतरलं की खडकाचं मैदान उघडं पडतं आणि त्यातल्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे, समुद्रकाकड्या अडकून राहतात. दगड निसरडे, रबरी तळाचे बूट हवेत. गावातला वाटाड्या मुलगा आणि हे पुढे गेले, मी एका कोरड्या दगडावर बसून राहिले. हे बरेच लांब गेले. मधे एकदा वाकून उभे राहिले तेव्हा तोंडाशी ‘अहो’ आलं होतं, ते मी गिळलं. हे डबक्यात काहीतरी बघत होते. मग सरळ झाले आणि तिथूनच ओरडले, “अगं, ये लवकर, पाणी चढायला लागलंय!”