एका वेळी एकच

रायफल घरी आणली त्या रात्री बाबा जेवले नाहीत. बोललेही काही नाहीत. ताट सरकवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

तशी ही १० मीटर एअर रायफल. हवेच्या दाबावर चालते, ४.५ मिमीची शिशाची पेलेट मारते. बारूद नाही, धूर नाही. एका वेळी एकच पेलेट भरायची, मारायची, मग लिव्हर उघडून पुढची. दोन वर्षं क्लबच्या रायफलवर शिकले आणि पगारातून पैसे साठवून स्वतःची घेतली. त्या पैशांत चांगली बाईक आली असती, हे आईने तीनदा ऐकवलं. तिचा प्रश्न पैशांचा होता. बाबांचा वेगळा.

आमचं गाव राजापूरकडे. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीवर बंधनं आली, पण शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने राहिले. आजोबांकडे तशी एक ठासणीची बंदूक होती. नळीत बारूद ओतायची, गजाने ठासायची, छर्रे, वर टोपी. बार एकच. चुकला तर पुन्हा भरेपर्यंत रानडुक्कर शेत तुडवून निघून जायचं.

बाबा दहा वर्षांचे होते. भात पोसवलं होतं. रात्री माळ्यावर बॅटरी धरायचं काम त्यांच्याकडे. गडग्यापाशी काहीतरी हललं, आजोबा म्हणाले, “उजेड टाक.” बाबांच्या अंगठ्याला बटण सापडेना. उजेड पडायच्या आत बार निघाला. मग बॅटरी लागली तेव्हा समोर शेजाऱ्यांची पाडी पडलेली.

आजोबांनी पैसे भरून दिले आणि बंदूक पुन्हा हातात धरली नाही. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. एकदा जमा झाली ती परत आणलीच नाही. बाबांना कुणी कधी काही बोललं नाही. त्यामुळेच बहुतेक ते त्यांच्या मनात राहिलं.

माझी रायफल पहिला महिना मला जुमानत नव्हती. टार्गेटवरचा १० चा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे बॉलपेनच्या टोकाएवढा. माझे शॉट्स सगळे डावीकडे ८ वर. मी साइटचा नॉब फिरवत राहिले. मग ते उजवीकडे जायला लागले. वस्तू नवी असली की चूक तिच्यावर ढकलता येते. सरांनी नॉब मूळ जागी आणायला लावला. म्हणाले, “तुझा गाल अजून क्लबच्या रायफलवर आहे.” खरंच होतं. गालाखालची पट्टी माझ्या चेहऱ्याला उंच होत होती आणि मी दर वेळी मान वाकडी करून छिद्रातून बघत होते. पट्टी जरा खाली घेतली. शॉट्स एका जागी यायला लागले.

लोकलमध्ये ती लांब केस घेऊन मुलुंडला चढले की हमखास कुणीतरी विचारतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणल्यापासून निदान “कीबोर्ड का?” असं विचारणं कमी झालंय.

घरी सराव पेलेटशिवाय, नुसता चाप ओढण्याचा. आमच्या वन बीएचकेत स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मुख्य दारापर्यंत सहा मीटर. खऱ्या टार्गेटचं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं, म्हणून सहा मीटरला साधारण १८ मिमीचं काढून दाराला आतून चिकटवलं. दाराला कडी, घरातले सगळे माझ्या मागे, हा नियम.

स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट्स. दर शॉटला सव्वा मिनिट. नवख्याला वाटतं, त्यात मारायचं असतं. पण मला सगळ्यात उशिरा जमलं ते न मारणं. श्वास संपत आला, ठिपका हलायला लागला, तरी बोट म्हणतं, आता ओढ. तेव्हा रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

एका संध्याकाळी मी अशीच तीनदा खाली घेतली. मागे बाबा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

“का नाही मारलीस?”

“नीट दिसत नव्हतं.”

ते गप्प राहिले. मग म्हणाले, “रिकामी आहे ना?” मी लिव्हर उघडून दाखवली, नळीत सेफ्टीची नारिंगी दोरी घातली, रायफल खाली ठेवली. ते आत गेले, टेबल लॅम्प घेऊन आले, एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि चपलांच्या कपाटावर तो ठेवून ठिपक्यावर उजेड येईपर्यंत वाकवत राहिले. मग माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“आता बघ,” म्हणाले. “घाई करू नकोस.”